प्रवेश मुलाखतीची तयारी : कृषी पदवीधर मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी



आपला मुलगा किंवा मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली की घरात पुढचा विचार सुरू होतो. कोणी स्पर्धा परीक्षेकडे वळतो, कोणी एम.एस्सी. करतो, तर कोणी कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदविकेसाठी अर्ज करतो. या तिसऱ्या वाटेवर एक टप्पा असा येतो, की ज्याची सवय आपल्या मुलांना नसते. तो म्हणजे प्रवेशाची मुलाखत.

आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत पदवीचा प्रवेश सामाईक परीक्षेचे गुण व गुणवत्ता यादी यांवर होतो. तेथे कागदपत्रे तपासली जातात, परंतु मुलाखत होत नाही. त्यामुळे बारावीपर्यंत गावात किंवा तालुक्याला शिकलेला आणि पुढे चार वर्षे कृषी महाविद्यालयात काढलेला विद्यार्थी वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पहिल्यांदाच तीन-चार अनोळखी तज्ज्ञांपुढे बसतो. लेखी परीक्षेत चांगले गुण असूनही तेथे त्याची बोबडी वळते आणि हाती आलेली जागा निसटते. थोडी आधीपासून व पद्धतशीर तयारी केल्यास हे टाळता येते. या तयारीचा मोठा भाग घरच्या शेतावरच करता येतो आणि त्यात पालकांचा वाटा मोलाचा असतो. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांइतकाच पालकांसाठीही आहे.

मुलाखत कोठे होते?

कृषी पदवीधरांना परिचित असलेल्या तीन संस्था उदाहरणादाखल घेऊ.

१) मॅनेज, हैदराबाद : राजेंद्रनगर येथील ही राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था १९८७ मध्ये सुरू झाली. येथे कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका १९९६ पासून चालते.

२) वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था, पुणे : सहकार चळवळीतील नेते व तत्कालीन मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे नाव या संस्थेला दिलेले आहे. येथेही कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे.

३) इरमा, आणंद : ग्रामीण व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी ही संस्था १९७९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. २०२५ च्या कायद्यानुसार ती आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठाच्या रूपात आली आहे.

अशा संस्थांत प्रथम कॅट किंवा तत्सम लेखी परीक्षेचे गुण पाहिले जातात. त्यातून निवडलेल्या उमेदवारांना गटचर्चा, छोटा निबंध व वैयक्तिक मुलाखत यांपैकी काही टप्प्यांसाठी बोलावतात. कोणत्या टप्प्याला किती गुण, कोणत्या परीक्षा ग्राह्य व शुल्क किती, हे दरवर्षी बदलू शकते. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

मुलाखतीत काय पाहतात?

पाठांतर किती आहे हे पाहण्यासाठी मुलाखत नसते. ते काम लेखी परीक्षेने झालेले असते. समोरचे तज्ज्ञ प्रामुख्याने चार गोष्टी पाहतात. उमेदवाराला आपल्या विषयाचा पाया माहीत आहे काय? पाहिलेल्या गोष्टींवर त्याने विचार केला आहे काय? हा अभ्यासक्रम त्याला नेमका कशासाठी हवा आहे? आणि येत नसलेल्या प्रश्नापुढे तो कसा वागतो? या चारही बाबतींत शेतकऱ्याच्या मुलाजवळ भांडवल असते. अडचण एवढीच, की ते भांडवल आहे हे त्याला ठाऊक नसते.

"काही नाही, शेती करतात"

महाविद्यालयात सरावाच्या मुलाखती घेताना एक गोष्ट वारंवार आढळते. "वडील काय करतात?" असे विचारले की अनेक मुले मान खाली घालून म्हणतात, "काही नाही, शेती करतात." हे "काही नाही" फार महागात पडते. कृषी व्यवसायाच्या अभ्यासक्रमाला बसलेला उमेदवार स्वतःच शेतीला "काही नाही" म्हणत असेल, तर पुढचे काय विचारायचे?

याच उत्तराऐवजी पुढील उत्तर पाहा : "आमची पाच एकर मध्यम काळी जमीन आहे. तीन एकरांत सोयाबीन आणि त्यावर हरभरा घेतो, दोन एकर तूर असते. एक विहीर आहे, तिला फेब्रुवारीपर्यंत पाणी पुरते. शेती वडील व आई दोघे पाहतात." एवढ्या चार-पाच वाक्यांत जमीन, पीक पद्धती, पाणी व मनुष्यबळ सर्व आले. पुढचे प्रश्न आपोआप याच माहितीवर येतात आणि उमेदवार ओळखीच्या रानात चालू लागतो. आईचे नाव घेण्यास विसरू नये. खुरपणी, वेचणी, बियाणे राखणे व जनावरे ही कामे बहुतेक घरांत तीच सांभाळते.

मात्र घरच्या शेतीचा उल्लेख केला की तिचे आकडे माहीत असलेच पाहिजेत. उत्पादन खर्च विचारला आणि उत्तर आले नाही, तर आधीचे चांगले उत्तरही वाया जाते.

घरच्या शेताचा हिशेब : पहिला धडा

पालकांनी एक संध्याकाळ काढून मुलाबरोबर वही घेऊन बसावे आणि मागील हंगामाच्या एका पिकाचा एकरी खर्च मांडावा. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत. प्रत्येकाने आपले खरे आकडे घालावेत.

सोयाबीन, एक एकर (रुपये)
नांगरणी व इतर मशागत : ३,५००
बियाणे ३० किलो व बीजप्रक्रिया : २,७००
पेरणी : १,०००
खते : ३,०००
तणनाशक व कीडनाशक फवारणी : ३,३००
कोळपणी, निंदणी : २,५००
सोंगणी : ४,०००
मळणी, ८ क्विंटल, दर २५० प्रमाणे : २,०००
पोती व वाहतूक : १,०००
एकूण रोख खर्च : २३,०००

उत्पादन ८ क्विंटल धरल्यास क्विंटलला रोख खर्च २,८७५ रुपये येतो. आता घरच्या माणसांनी केलेले १२ दिवसांचे काम ४०० रुपये रोजाने धरा. ते ४,८०० रुपये झाले. एकूण खर्च २७,८०० रुपये व क्विंटलचा खर्च ३,४७५ रुपये झाला. बाजारात ४,२०० रुपये भाव मिळाला तर एकरी ३३,६०० रुपये येतात. रोख खर्च वजा जाता १०,६०० रुपये उरतात, परंतु घरची मजुरी धरली तर फक्त ५,८०० रुपये.

पावसाने ताण दिला आणि उत्पादन ६ क्विंटलवर आले तर काय? मळणीचे ५०० रुपये वाचतील, बाकी खर्च तोच राहील. घरच्या मजुरीसह खर्च २७,३०० रुपये आणि उत्पन्न २५,२०० रुपये. म्हणजे एकरी २,१०० रुपये तोटा. दोन क्विंटलच्या फरकाने नफ्याचे पीक तोट्यात जाते, हे या साध्या हिशेबातून कळते.

ज्या मुलाने हा हिशेब स्वतः मांडला आहे, त्याला हमीभावाचा प्रश्न अवघड जात नाही. कृषी मूल्य आयोग खर्चाची गणना निरनिराळ्या प्रकारे करतो. ढोबळमानाने सांगायचे तर ए-२ म्हणजे प्रत्यक्ष केलेला खर्च, ए-२ अधिक एफ.एल. म्हणजे त्यात घरच्या मजुरीचे मूल्य मिळवून येणारा खर्च आणि सी-२ म्हणजे त्याशिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरून येणारा खर्च. केंद्र शासनाने २०१८-१९ पासून ए-२ अधिक एफ.एल. च्या दीडपट हमीभावाचे धोरण जाहीर केले, तर शेतकरी संघटनांची मागणी सी-२ धरून हिशेब करावा अशी आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. आपल्या घरी प्रत्यक्ष कोणता भाव मिळाला, माल कोठे विकला, ओलावा किती धरला व कटती किती गेली, हे विद्यार्थ्याने वडिलांना विचारून घ्यावे. पुस्तकातील व्याख्या आणि घरची पावती एकत्र सांगणारा उमेदवार तज्ज्ञांच्या लक्षात राहतो.

विषयाची उजळणी : दुसरा धडा

चार वर्षांचा संपूर्ण अभ्यासक्रम महिनाभरात उजळणे शक्य नसते व गरजही नसते. आवडीचे दोन विषय निवडून ते पक्के करावेत. "आवडता विषय कोणता?" या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असावे, कारण पुढचे पाच प्रश्न त्यावरच येतात. याशिवाय तोंडी करता येतील असे लहान हिशेब जमले पाहिजेत. काही नमुने :

१) सोयाबीनची लागवड ४५ × ५ सें.मी. अंतरावर केल्यास हेक्टरी रोपे किती? एका रोपाला ०.४५ × ०.०५ म्हणजे ०.०२२५ चौ.मी. जागा लागते. १०,००० भागिले ०.०२२५ म्हणजे सुमारे ४ लाख ४४ हजार रोपे.

२) हेक्टरी ५० किलो नत्र युरियातून द्यायचे तर युरिया किती? युरियात ४६ टक्के नत्र असते. ५० भागिले ०.४६ म्हणजे सुमारे १०९ किलो, म्हणजेच ४५ किलोच्या साधारण अडीच गोण्या.

३) एका एकरावर ५० मि.मी. पाऊस झाला तर पाणी किती? एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौ.मी., म्हणून २ लाख लिटर.

४) बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी की जिवाणू संवर्धक आधी? बुरशीनाशक आधी व जिवाणू संवर्धक शेवटी, पेरणीच्या थोडे अगोदर. कारण विचारले जाणारच, तेव्हा ते माहीत असावे.

ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या सत्रावर हमखास प्रश्न येतो. कोणत्या गावात होता, तेथील मुख्य पीक कोणते, कोणते प्रात्यक्षिक केले, शेतकऱ्यांनी ते स्वीकारले की नाही व का, याची उत्तरे आठवून ठेवावीत. "शेतकरी अडाणी असल्याने त्यांनी ऐकले नाही" असे उत्तर कधीही देऊ नये. मजूर मिळाले नाहीत, औषध तालुक्याला मिळत नव्हते, उधारी दुकानदाराकडे होती म्हणून त्याचाच सल्ला घेतला, अशी खरी कारणे शोधणे यालाच विस्ताराचे शिक्षण म्हणतात.

चालू घडामोडी व संस्थांची माहिती : तिसरा धडा

रोज एक वर्तमानपत्र, त्यातील शेती व अर्थविषयक पान आणि बाजारभाव वाचावेत. वाचलेल्या विषयाचे तीन-चार ओळींत टिपण करावे. पुढील विषयांची किमान माहिती असावी : २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना, त्याच वर्षी सुरू झालेला ई-नाम बाजार, कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने शक्य झालेल्या उत्पादक कंपन्या, २०२० मध्ये सुरू झालेली १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणि उसाचा रास्त व किफायतशीर दर.

यांतील एखादी गोष्ट आपल्या गावाशी जोडता आली तर उत्तम. गावात उत्पादक कंपनी असेल तर सभासद किती, उलाढाल कशाची, अडचण कोणती, हे तिच्या संचालकांना भेटून विचारावे. बंद पडली असेल तर का पडली, हेही विचारावे. यशाइतकेच अपयशही शिकवते.

ज्या संस्थेत प्रवेश हवा, तिची माहिती असावी. आणंदला जाणाऱ्याला खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ १९४६ मध्ये स्थापन झाला, त्याचे संस्थापक अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल होते आणि विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, हे माहीत नसेल तर ते शोभत नाही.

भाषेची भीती

बहुतेक ठिकाणी मुलाखत इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून आलेली मुले येथेच खचतात. याबाबत तीन सूचना आहेत. एक, वाक्ये लहान करावीत. लहान वाक्यात चूक कमी होते व ती लक्षातही येत नाही. दोन, मराठीत विचार करून भाषांतर करण्याऐवजी ओळखीच्या वीस-पंचवीस प्रश्नांची उत्तरे इंग्रजीत मोठ्याने बोलण्याचा रोज अर्धा तास सराव करावा. उत्तर पाठ न करता फक्त मुद्दे लक्षात ठेवावेत. पाठ केलेले उत्तर एक शब्द विसरताच कोलमडते. तीन, एखादा शब्द अडला तर नम्रपणे परवानगी मागून हिंदीत सांगावा. गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

गटचर्चेत आवाज चढवणाऱ्यालाच गुण मिळतात हा गैरसमज आहे. दोन-तीन वेळाच बोलावे, पण मुद्द्याला धरून व शक्य तर एखाद्या आकड्यासह बोलावे. दुसऱ्याचे ऐकून त्यात भर घालणे हेही गुण मिळवून देते.

काही अवघड प्रश्न

"शेतकऱ्याचा मुलगा असून शेती सोडून का चाललास?" हा प्रश्न मनाला लागतो, पण तो टोचण्यासाठी नसतो. खोटे आदर्श उत्तर देऊ नये. पाच एकरांत दोन भावांचे भागत नाही, म्हणून मी नोकरी करणार आहे, परंतु माल साठवण व विक्रीतील जे शिकेन ते घरच्या व गावच्या शेतीला उपयोगी पडेल, असे मनापासून वाटत असेल तर तसेच सांगावे.

"तिसऱ्या सत्रात गुण कमी का?" कारण थोडक्यात सांगावे व नंतर सुधारणा कशी केली ते सांगावे. शिक्षकांना दोष देऊ नये.

"लग्नानंतर हे शिक्षण वाया जाणार नाही काय?" असा प्रश्न एखाद्या मुलीला विचारला गेल्यास रागावू नये व ओशाळूही नये. आपल्याला कोणते काम करायचे आहे ते ठामपणे सांगावे. घरच्यांनीही हा विषय मुलीशी आधीच मोकळेपणाने बोलावा. घरून पाठबळ असेल तर तिच्या आवाजात ते दिसते.

उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, सर" किंवा "मॅडम" असे सरळ म्हणावे. अंदाज करायचा असल्यास तो अंदाज आहे हे सांगून करावा. थाप मारल्यास पुढच्याच प्रश्नाला ती उघडी पडते.

चार आठवड्यांचे वेळापत्रक

पहिला आठवडा : घरच्या शेताचा हिशेब, स्वतःची माहिती, अर्जात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची उजळणी.
दुसरा आठवडा : दोन आवडते विषय, तोंडी हिशेब, कार्यानुभवाची टिपणे.
तिसरा आठवडा : चालू घडामोडी, संस्थेची माहिती, मित्रांबरोबर गटचर्चा.
चौथा आठवडा : किमान तीन सराव मुलाखती. एक महाविद्यालयातील प्राध्यापकांपुढे, एक बँकेत किंवा कृषी खात्यात असलेल्या परिचितांपुढे आणि एक घरी. घरची मुलाखत वडील, आई व एखादे जाणते काका यांनी मराठीत घ्यावी. शेतीवरचे खरे अवघड प्रश्न तेच विचारू शकतात.

प्रत्यक्ष दिवशी

१) मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या दोन प्रती, छायाचित्रे, ओळखपत्र व बोलावणे आदल्या आठवड्यातच एका फाइलमध्ये क्रमाने लावावे. जातीचा, उत्पन्नाचा असे दाखले लागत असल्यास तहसीलमधून वेळेत काढावेत. त्यासाठी शेवटच्या दिवसावर विसंबू नये.

२) बाहेरगावी जायचे असल्यास आदल्या दिवशी पोहोचावे. रात्रभर प्रवास करून थेट मुलाखतीला बसू नये.

३) स्वच्छ, इस्त्री केलेला साधा पोशाख पुरे. नवे बूट घालायचे असल्यास आधी चार दिवस वापरून पाहावेत.

४) मुलाखत ऑनलाइन असल्यास गावातील वीज व नेटवर्कचा भरवसा धरू नये. तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकाकडे किंवा महाविद्यालयात सोय करावी, मागे साधी भिंत व समोर उजेड ठेवावा, आदल्या दिवशी चाचणी घ्यावी व दुसरा मोबाइल चार्ज करून जवळ ठेवावा.

५) शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे काय?" असे विचारतात. एखादा खरा प्रश्न तयार असावा. उदाहरणार्थ, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी उत्पादक संस्थांकडे पाठवले जाते काय?

पालकांना विनंती

मुलाखतीच्या आठवड्यात कर्जाचा, खर्चाचा व शेजारच्या मुलाच्या नोकरीचा विषय घरात काढू नये. शुल्क व शैक्षणिक कर्जाची चौकशी मात्र आधीच बँकेत करून ठेवावी, म्हणजे निवड झाल्यावर धावपळ होत नाही व मुलाच्या मनावरही दडपण राहत नाही. निवड न झाल्यास कोणते प्रश्न विचारले गेले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवण्यास सांगावे. पुढच्या मुलाखतीस ती वही मार्गदर्शक ठरते.

आणखी एक गोष्ट. वर दिलेला पिकाचा हिशेब मुलाखतीपुरता ठेवू नये. दर हंगामाला, प्रत्येक पिकाचा तो मांडावा. मुलगा किंवा मुलगी प्रवेश घेऊन पुण्याला गेली, हैदराबादला गेली किंवा घरच्या शेतीत उतरली, तरी ती वही घरात राहील आणि पुढच्या वर्षी कोणते पीक किती एकर घ्यावे हे ठरवताना उपयोगी पडेल.